वस्तीतल्या वडावरची वटवाघळे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सोलापुरातल्या होटगी रस्त्याजवळच्या आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून जुना वड आहे. त्यावर दोन-तीनशे वटवाघळे असतात. वास येतो, गाड्यांवर घाण पडते. दिवाळीत फटाके लावले, तेव्हा चार दिवस गेली आणि परत आली. फांद्या छाटल्या तर कायमची जातील का?

उत्तर : कदाचित जातील, पण कुठे जातील, हे आपल्या हातात नाही. बहुधा पुढच्या गल्लीतल्या चिंचेवर किंवा निलगिरीवर बसतील आणि हेच पत्र तिथला रहिवासी लिहील. ही मोठी फळवटवाघळे अनेक वर्षे एकाच झाडाला धरून राहतात, म्हणूनच फटाक्यांचा धूर निवला की ती परततात. शिवाय 1975 च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, तेव्हा कुऱ्हाडीआधी अर्ज करावा. 1972 च्या वन्यजीव कायद्यातील ज्या उपद्रवी प्राण्यांच्या यादीत फळवटवाघळे होती, ती यादीही 2022 च्या दुरुस्तीने रद्द झाली.

वासाचे म्हणाल, तर तो केवळ विष्ठेचा नसतो. नराच्या मानेजवळच्या ग्रंथींच्या स्रावालाही उग्र दर्प असतो. पावसाळ्यात वास वाढला असे वाटले, तर तो मीलनाचा काळ आहे, एवढे समजावे. वाळलेली विष्ठा झाडूने उडवू नये. पाणी शिंपडून, तोंडाला मास्क लावून ती गोळा करावी. गाडी वडाखालून हलवणे हा उपाय साधा आहे, पण सोसायटीच्या सभेत तो कोणी सुचवत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : गेल्या मे महिन्यात भर दुपारी झाडाखाली सात-आठ वटवाघळे मरून पडली. कोणी विष घातले असेल का?

उत्तर : विषाची शंका घेण्याआधी त्या दिवसाचे तापमान पाहावे. पारा बेचाळीसच्या वर गेला की या जनावरांचे हाल सुरू होतात आणि सोलापूरच्या मे महिन्यात ते नवीन नाही. आधी ती पंखांनी वारा घेतात, मग अंग चाटून लाळेने ओले करतात, धापा टाकतात आणि शेवटी बुंध्याच्या सावलीत खाली उतरून एकमेकांना चिकटून बसतात. वाऱ्यासाठी पंख हलताना दिसले की तेवढ्यावरूनच सावध व्हावे. याच सुमारास पुष्कळ माद्यांच्या पोटाशी पिल्ले बिलगलेली असतात. मादीला वर्षाकाठी बहुधा एकच पिल्लू होते, म्हणून एका दुपारची हानी लवकर भरून येत नाही. अशा वेळी आरडाओरडा केला किंवा दगड मारले, तर उन्हात उडण्याच्या श्रमानेच काही जीव जातात.

दुपारी झाडाखाली गर्दी होऊ देऊ नये. वटवाघळे खाली उतरली असतील, तर दुरून बुंध्याच्या आसपास पाण्याचा बारीक फवारा द्यावा. जोराची धार मारू नये. पडलेल्या मादीच्या पोटाशी जिवंत पिल्लू आहे का, ते नीट पाहावे. उघड्या हाताने कशालाही स्पर्श न करता जाड टॉवेलने उचलून भोके पाडलेल्या खोक्यात सावलीत ठेवावे आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. चावा किंवा ओरखडा झालाच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : निपाह विषाणूच्या आजारामुळे घरचे घाबरले आहेत. अंगणात उंबराची चघळलेली फळे पडतात. आजी म्हणते, वटवाघूळ तोंडानेच विष्ठा करते.

उत्तर : आजींचे निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष चुकला. वटवाघूळ फळ चावून रस गिळते आणि चोथ्याची गोळी थुंकते. खाली पडते ती बहुतेक हीच. विष्ठेसाठी ते अंगठ्यांच्या नख्यांनी लटकून क्षणभर सरळ होते.

निपाहची भीती निराधार नाही, पण झाडावरच्या वसाहतीच्या नुसत्या शेजाराने रोग होत नाही. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत त्या विषाणूचा पुरावा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला मिळाल्याचे 2021 मध्ये जाहीर झाले. ती जात वडावरच्या मोठ्या फळवटवाघळांहून वेगळी. अर्धवट खाल्लेले फळ खाऊ नये, मुलांनाही देऊ नये, बाकीची फळे धुऊन सोलून खावीत. शिंदीचा कच्चा रस पिणाऱ्यांनी मडके रात्रभर झाकलेले होते का, हे विचारावे, कारण बांगलादेशात हा आजार अशाच रसातून वारंवार पसरला आहे.

प्रश्न : बागेतल्या चिकूवर जाळी टाकावी का?

उत्तर : जरूर टाकावी, पण सैल नायलॉनची नको, तिच्यात पंख अडकून जनावर रात्रभर तडफडते. करंगळी आत जाणार नाही इतक्या बारीक विणीची, पांढरी जाळी चौकटीवर ताणून बसवावी. एकदोनच झाडे असतील, तर फळांच्या घोसांना कापडी पिशव्या बांधल्या तरी काम भागते.