शुश्रूषा, परिचर्या आणि 'शोषणा'चा टप्पा

प्रश्न असा आला आहे: मानसिक आरोग्य विभागातल्या परिचारिकांसाठीचं टिपण मराठीत आणायचं आहे, त्यात 'नर्सिंग मॉडेल'ला (रुग्णाकडे कसं पाहायचं, त्याची निगा कशी राखायची, याच्या चौकटीला) 'परिचर्या प्रारूप' म्हणावं की 'शुश्रूषा प्रतिमान'? आणि 'केअर प्लॅन'ला, म्हणजे एकेका रुग्णाच्या देखभालीच्या लेखी योजनेला, काय?

'प्रारूप' नकोच. प्रारूप यादी म्हणजे अजून पक्की न झालेली यादी. इथे कच्चा मसुदा अभिप्रेत नाही. 'प्रतिमान' ठीक. सरळ 'मॉडेल' लिहिलंत तरी माझी हरकत नाही, वॉर्डात तेच बोलतात.

खरी गंमत पहिल्या शब्दात आहे. परिचर्या म्हणजे परि + चर्, रुग्णाभोवतीचा वावर. शुश्रूषा मात्र 'श्रु' धातूच्या इच्छार्थक रूपातून आली. जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा, तशी शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकू पाहणारा शिष्य त्याची सेवाही करतो, तिथून 'सेवा' हा अर्थ आला. (दोन्ही 'श', 'श्रू' दीर्घ. 'सुश्रुषा' ही चूक सुश्रुताच्या ओढीने होत असावी.) जिथे ऐकणं हाच उपचाराचा मोठा भाग, तिथे मी डोळे मिटून शुश्रूषा घेईन.

'केअर प्लॅन' म्हणजे शुश्रूषा-आराखडा. त्यातली भाषा मात्र मॉडेलप्रमाणे बदलते, हे अनुवादात सांभाळा. शुश्रूषाशास्त्राच्या अभ्यासक डोरोथिया ओरेम यांच्या मॉडेलात माणूस स्वतःची निगा राखण्यात कुठे कमी पडतो ते पाहतात. तिथे 'झोप अपुरी, आंघोळीला आठवण द्यावी लागते' अशी नोंद शोभते. मानसिक आरोग्याच्या शुश्रूषेचे अभ्यासक फिल बार्कर यांच्या 'टायडल मॉडेल'चा आग्रह मात्र माणसाच्या स्वतःच्या शब्दांचा. रुग्ण म्हणाला, 'भिंतीपलीकडे कुणीतरी बोलतं, म्हणून मी जागा राहतो', तर तेच लिहायचं. तिथे 'निद्रानाश' लिहिलात की मॉडेलच हातातून गेलं.

एक सापळा सांगून ठेवतो. याच क्षेत्रातल्या हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये परिचारिका-रुग्ण नात्याचे चार टप्पे मांडले. त्यातल्या तिसऱ्याचं इंग्रजी नाव 'एक्सप्लॉइटेशन'. कोशातला पहिला अर्थ उचलला तर होतं 'शोषण', आणि वाचणारी परिचारिका दचकते. अभिप्रेत आहे ते असं, की रुग्ण आता मिळणाऱ्या मदतीचा पुरेपूर फायदा करून घेतो. मी 'उपयोग करून घेण्याचा टप्पा' लिहीन. लांबलचक आहे खरं, पण 'उपयोजन' लिहिलं तर परत मलाच कुणीतरी अर्थ विचारेल.