वाचक विचारतात : कोळशाच्या तपासणीचे बोअर कसे बुजवावे?

प्रश्न : आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. आमची वडिलोपार्जित शेती छिंदवाडा जिल्ह्यात परासियाजवळ आहे. दोन वर्षांपूर्वी कोळशाच्या तपासणीसाठी तिथे तीन बोअर घेतले गेले. काम संपल्यावर दोन बोअरमध्ये माती ढकलून, तिसऱ्यावर दगड ठेवून मंडळी निघून गेली. यंदाच्या पावसात मातीने भरलेले बोअर हातभर खचले आणि शेजारच्या विहिरीचे पाणीही दिवाळीतच खाली गेले. आम्हीच मुरूम टाकून हे बोअर बुजवले तर चालेल का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : कृपया मुरूम टाकू नका. कोळशाच्या पट्ट्यात भूवैज्ञानिक म्हणून नोकरीची बरीच वर्षे काढल्यामुळे वरून ढकललेली माती पुढे काय करते, हे मी अनेकदा पाहिले आहे. तपासणीचे बोअर साधारण तीन इंच व्यासाचे असते. एवढ्या अरुंद नळीत ओली माती थोड्याच खोलीवर अडकते व तिचे बूच बसते. तोंड भरलेले दिसते, पण खालची शे-दोनशे मीटरची पोकळी तशीच राहते. पावसाचे पाणी मुरले की ते बूच सुटते. तुमच्या शेतात बहुधा हेच झाले आहे.

विहिरीबद्दलची तुमची शंका रास्त आहे. ज्या काळ्या पाषाणावर आपले इंदूर वसले आहे, तोच परासियाकडच्या काही भागांत वर पसरलेला असून त्याखाली गोंडवाना काळातले, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे वाळूखडक, शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक) आणि कोळशाचे थर आहेत. विहिरींना पाणी पुरवतो तो वरचा झिजलेला, भेगाळलेला खडक. बोअर हे सगळे थर आरपार छेदते, त्यामुळे खालच्या थरांतले पाणी खाणीच्या उपशाने उतरलेले असेल, तर वरचे पाणी या नळीतून तिकडे झिरपत राहते. अर्थात विहीर आटण्याला इतरही कारणे असतात. म्हणून तिसऱ्या, उघड्या बोअरमधली आणि विहिरीतली पातळी दर आठवड्याला दोरीने मोजून तारखेसह वहीत लिहा. उद्या तक्रार करताना हीच वही कामाला येईल.

उघडे बोअर खाणीलाही घातक असते. २०० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० किलो होतो. पुढे कधी भूमिगत बोगदा त्या बोअरला जाऊन भिडला, तर एवढ्या दाबाचे पाणी कामगारांच्या अंगावर येते. शिवाय त्यातून हवा कोळशापर्यंत पोहोचली, तर कोळसा आपोआप तापू लागतो. जुन्या पोकळीशी जोडलेले एक बोअर आम्ही तपासत होतो, तेव्हा तोंडावर ठेवलेले सागाचे वाळके पान थरथरून वर उचलले गेले. बाहेरच्या हवेचा दाब उतरत होता आणि बोअर श्वास सोडत होते. अशा तोंडाशी काडी किंवा बिडी कधीही पेटवू नये, कारण कोळशातून सुटणारा मिथेन वायू हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की तो स्फोटक होतो.

बोअर खालून वर भरत आणायचे, हे यातले मुख्य सूत्र आहे. तुमच्या दोन बोअरमधली माती आधी रिगने (बोअर पाडण्याच्या यंत्राने) काढावी लागेल. मग बारीक पाइप थेट तळापर्यंत सोडून त्यातून सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेले पातळ सिमेंट, पंपाने भरावी आणि स्लरी वर येईल तसा पाइप उचलावा. मात्र त्याचे टोक सतत स्लरीत बुडालेले राहिले पाहिजे. तीन इंची बोअरला मीटरमागे साधारण साडेचार लिटर, म्हणजे २०० मीटरला ९०० लिटर स्लरी लागते. सिमेंटच्या वजनाच्या निम्मे पाणी धरले, तर त्यासाठी ५० किलोची सुमारे २२ पोती लागतील. भेगा स्लरी पितात, म्हणून प्रत्यक्षात आणखी काही पोती जातात. हिशेबापेक्षा बरीच कमी पोती उतरवलेली दिसली, तर काम अर्धवट होत आहे असे खुशाल समजावे. स्लरी बसून पातळी खाली जाते, म्हणून एक-दोन दिवसांनी पुन्हा भर घालावी लागते.

लोखंडी केसिंग (बोअरच्या तोंडाशी बसवलेला पाइप) आणि सिमेंट नांगराच्या फाळाला लागू नये, म्हणून केसिंग जमिनीखाली मीटरभर खोलीवर कापून सिमेंटही तिथेच थांबवावे. त्यावर आधी मुरमाड माती आणि सगळ्यात वर सुपीक काळी माती, हा क्रम मोडू नये. रिगच्या चिखलाचे खड्डे उपसल्यावरच भरावेत आणि तेल सांडलेली माती शेतातून बाहेर न्यावी. रिगच्या चाकांखाली दबलेली जमीन उन्हाळ्यात खोल नांगरली नाही, तर तेवढ्या पट्ट्यात पीक बरीच वर्षे खुजे राहते.

हा खर्च तुम्ही करण्याचे कारण नाही. तपासणी १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र अधिनियमाच्या कलम ४ खाली झाली असेल, तर जमिनीच्या नुकसानाची भरपाई देण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे. ज्यांनी बोअर घेतले त्यांना लेखी अर्ज द्या, जिल्हाधिकाऱ्यांना प्रत पाठवा आणि प्रत्येक बोअरचा क्रमांक, खोली व नकाशावरची जागा लेखी मागा. तोवर तिसऱ्या बोअरवर नुसता दगड पुरेसा नाही. केसिंगला लोखंडी टोपण बसवून घ्या आणि खचलेल्या दोन्ही तोंडांभोवती काटेरी कुंपण घाला. हातभर खड्ड्यात बैलाचा पाय मोडायला एक चुकलेले पाऊल पुरते.