वावर मक्त्यानं गेलं आणि पोरगी नकाशे काढते

पत्र (थोडक्यात) :

मॅडम, आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातले. पाच एकर कोरडवाहू, कापूस-तूर. मुलगी दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत होती, 92 टक्के पडले. आता रोज एसटीनं यवतमाळला अकरावी सायन्स, सोबत नीटचा (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा) क्लास. फीसाठी दोन एकर वावर मक्त्यानं दिलं. अन् क्लासच्या टेस्टमध्ये फिजिक्समध्ये 180 पैकी 38! कारण सापडलं. जादूगार, ड्रॅगन, दुसऱ्याच दुनियेतल्या जाड जाड इंग्रजी कादंबऱ्या. फिजिक्सच्या वहीत मागच्या बाजूनं तिनं एका राज्याचा नकाशा काढून ठेवला होता, जादूचे नियम लिहिले होते. एक नियम असा, की मंत्र म्हणून आपल्या वावरात पाऊस पाडला तर तेवढाच पाऊस दुसऱ्या कोणाच्या वावरातून कमी होते. रागाच्या भरात मी दोन कादंबऱ्या अन् ती वही बंबात घातली. कादंबऱ्या तिच्या जुन्या शाळेतल्या बाईंच्या होत्या, हे मागून समजलं. आता ती बोलत नाही. अभ्यासाला बसते, पण पान उलटत नाही. हे जादू-फादू पोटाले भाकर देते काय? तिचा मामा म्हणतो, एवढं डोकं चालते तर लेखिकाच करा, सिरियल लिहिणाऱ्याला लाखो भेटतात. तिचं मन यातून कसं काढावं? नीट निघेल की नाही? मला मोबाइलवर लिहिता येत नाही, हे तिच्याकडूनच टाइप करून घेतलं.

उत्तर :

भाऊ,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. पोरीची वही जाळलीत, त्याची हकिगत तिच्याच हातून टाइप करून घेतलीत आणि एका अनोळखी बाईला पाठवायला लावलीत. बंबाचं मी एक वेळ समजू शकते. राग येतो, माणूस काहीतरी करून बसतो आणि रात्रभर झोपत नाही. पत्राचं काम मात्र तुम्ही शांत डोक्यानं केलंत. स्वतःवरचा आरोप तिनं स्वतः लिहून दिला, तोही शुद्धलेखनाची एक चूक न करता. नीट निघेल की नाही ते पुढे बघू. मला आधी या गोष्टीची काळजी वाटली, 38 मार्कांची नाही.

मूळ पत्र लांबलचक आहे. त्यात वावराचा उल्लेख पाच वेळा येतो, केमिस्ट्रीचा एकदाही नाही. बायोलॉजीत तिला किती पडले हेही तुम्ही सांगितलं नाहीत. म्हणजे घरात रोज काय बोललं जातं याचा मला अंदाज आहे. "तुह्यासाठी वावर देलं" हे वाक्य सकाळच्या चहासोबत एकदा आणि रात्रीच्या भाकरीसोबत एकदा तिच्या कानावर पडत असणार. तुम्ही खोटं बोलत नाही. कापसाचा भाव, बोंडअळी, सोसायटीचं कर्ज, यातून दोन एकर बाजूला काढणं काय असतं हे मला माहीत आहे. पण सोळा वर्षांच्या पोरीला रोज हे ऐकवणं म्हणजे तिच्या नावावर कर्ज चढवून रोजचं व्याज मागणं. ती फेडणार कशानं? तिच्याजवळ मार्कांशिवाय दुसरं काही नाही, आणि मार्कं तर याच ओझ्याखाली अडली आहेत.

आता तो पावसाचा नियम पुन्हा वाचा. आपल्या वावरात पाऊस पाडला, तर तेवढाच दुसऱ्याच्या वावरातून कमी होतो. जादू फुकट नाही, आणि तिची किंमत मंत्र म्हणणारा मोजत नाही, दुसराच कोणीतरी मोजतो. हा नियम तिला कुठून सुचला हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही त्याला खूळ म्हणता. मला तर त्यात पोरीनं घरातली सगळी परिस्थिती एका ओळीत मांडलेली दिसते. तोंडानं बोलली असती तर तुम्ही ऐकून घेतलं नसतं, म्हणून तिनं राज्य उभं केलं.

आणखी एक शंका आहे. हा नियम पत्रात आला कसा? एक तर वही बंबात टाकण्याआधी तुम्ही ती वाचलीत आणि तो तुमच्या लक्षात राहिला, किंवा तुम्ही सांगितलाच नव्हता आणि टाइप करताना तिनंच हळूच घुसवला. दोन्हींपैकी काहीही असो, मला बरं वाटलं.

गोष्टी जाळण्याचा प्रकार आपल्याकडे जुना आहे. गुणाढ्य नावाच्या पंडितानं पैशाची नावाच्या जुन्या भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. रानात शाई नव्हती म्हणून म्हणे स्वतःच्या रक्तानं लिहिली. सातवाहन राजानं ती नाकारली : भाषा पिशाचांची, शाई रक्ताची, असलं काय वाचायचं! मग गुणाढ्यानं टेकडीवर जाळ केला आणि एकेक पान मोठ्यानं वाचून त्यात टाकायला लागला. रानातली जनावरं चारा सोडून ऐकत उभी राहिली. इकडे सुकल्या जनावरांचं मांस खाऊन राजा आजारी पडला, कारण शोधत रानात पोहोचला, तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती. उरलेल्या एक लाखाच्या आधारावर पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं कथासरित्सागर रचला, आणि जळाल्याची ही हकिगतही त्यातच आहे. तिथे निदान जाळणारा स्वतः लेखक होता. स्वतःचं लिखाण जाळायचा हक्क त्याला होता. तुम्हाला नव्हता. आणि त्या दोन कादंबऱ्या तर घरच्याही नव्हत्या.

नीटला बारावीचं पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) लागतं, कृषीला एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा, नर्सिंगची सीईटी वेगळी. हे सगळं बारावीच्या फॉर्मांच्या वेळी विचारा, तेव्हा सविस्तर सांगेन. शाखा बदलायची घाई करू नका : बारावी सायन्सनंतर बी.ए. करता येतं, बारावी आर्ट्स करून नीटला बसता येत नाही.

तुमच्या मनातला एक गैरसमज मात्र आत्ताच काढायला हवा, कारण तो मला दर आठवड्याच्या पत्रांत भेटतो. जादूच्या, परग्रहाच्या गोष्टी वाचणारं पोर हवेत राहतं, त्याला व्यवहार कळत नाही, हा तो समज. प्रत्यक्षात अशा गोष्टीत व्यवहार जास्त कडक असतो. साध्या कादंबरीत लेखकाला रस्ता, बाजार, पोलीस ठाणं आयतं मिळतं. इथे त्याला दुनियेचे कायदे आधी ठरवावे लागतात आणि मग शेवटच्या पानापर्यंत पाळावे लागतात. त्यानं मध्येच नियम मोडला की सराईत वाचक लगेच पकडतो : "पहिल्या भागात तर हा मंत्र चालत नव्हता, आता कसा चालला?" असं पकडणं म्हणजे हवेत राहणं नव्हे. आपल्या विदर्भाच्या दमयंतीचंच बघा. स्वयंवरात देव नळाचं रूप घेऊन बसले, पाच सारखे नळ समोर. तिनं ओळखलं ते निरखून : देवांच्या पापण्या लवत नव्हत्या, अंगाला घाम नव्हता, पाय भुईला टेकत नव्हते. खऱ्या नळाच्या अंगावर धूळ होती आणि त्याची माळ कोमेजली होती. गोष्ट सगळी अशक्य कोटीतली, पण शिकवते ते बारीक बघायला. एक नियम बदला आणि मग काय काय होईल ते प्रामाणिकपणे शोधा, एवढंच या साहित्याचं काम. फिजिक्सचा सर "घर्षण शून्य धरा" म्हणतो तेव्हा तो वेगळं काय करतो?

आता मामांकडे वळते. मामा तुमच्यापेक्षा गोड बोलतात, पण हिशेब तोच करतात. पोरगी नकाशा काढते, तर त्याचे पैसे किती? तुम्ही म्हणता शून्य, ते म्हणतात लाखो. ती लेखिका होईल की नाही, मला सांगता येत नाही, मामांनाही येत नाही. वाचणाऱ्यांपैकी फार थोडे लिहिणारे होतात, आणि लिहिणाऱ्यांपैकी त्यावर पोट भरणारे त्याहून थोडे. सिरियलचं स्वप्न तिच्या गळ्यात बांधू नका, ते दुसरं वावर होईल.

आणखी कोणी शहाणा तुम्हाला जयंत नारळीकरांचं उदाहरण देईल : बघा, विज्ञानकथा आणि शास्त्रज्ञ! ते उदाहरणही जरा नीट बघा. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेऊन कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. तेव्हा ते केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आलेले नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ होते. आपल्या नावामुळे बक्षीस मिळायला नको, म्हणून त्यांनी नाव बदललं. म्हणजे शास्त्रज्ञ आधी झाले, कथा मागून लिहिली. "गोष्टी वाच म्हणजे शास्त्रज्ञ होशील" असा सौदा मी तुमच्याशी करणार नाही. गोष्टी वाचून नीटचे मार्क वाढत नाहीत. कोणी वाढतात म्हणालं तर त्याचा क्लास लावू नका.

तरी फायदा ऐकायचाच असेल तर एक ऐका. पोरगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. अकरावीत एकाएकी सगळं इंग्रजीत आलं : पुस्तक, सर, पेपर. फिजिक्समध्ये 38 पडण्याचं मोठं कारण मला तिथे दिसतं. उरलेलं कारण पहाटेच्या एसटीत आणि अंधार पडल्यावर घरी येण्यात आहे. याच कादंबऱ्या ती दहावीतही वाचत होती ना? तेव्हा 92 टक्के पडले. पाचशे पानांची इंग्रजी कादंबरी आपल्या मनानं संपवणारी पोरगी इंग्रजी पेपरासाठी घरातल्या घरात तयार होत होती, आणि तयारीचं नेमकं तेच साधन तुम्ही बंबात घातलंत.

वाचकाला या गोष्टींतून मार्कांपलीकडे काय मिळतं, यावर थोडाफार अभ्यास झालेला आहे. इटलीत प्राथमिक शाळेतल्या मुलांना सहा आठवडे हॅरी पॉटरमधले उतारे वाचून दाखवले, काहींना भेदभावाच्या प्रसंगांचे, काहींना दुसरे. हा अभ्यास 2015 साली छापून आला. भेदभावाचे उतारे ऐकलेल्या आणि हॅरीला आपला मानणाऱ्या मुलांचा बाहेरदेशातून आलेल्या लोकांकडे बघण्याचा दृष्टिकोन निवळला. पुस्तकात जादूगारांच्या दुनियेतला भेद होता, मुलांनी तो आपल्या गल्लीत ओळखला. पण एक गोष्ट विसरू नका : त्या मुलांसोबत वाचलेल्यावर बोलायला मोठं माणूस बसत होतं. तुमच्या पोरीजवळ जुन्या शाळेतल्या त्या बाई तेवढ्या होत्या. त्यांचीच पुस्तकं जळाली, आता ती कोणत्या तोंडानं त्यांच्याकडे जाईल?

म्हणून पहिलं काम तुमचं, तिचं नाही. येत्या रविवारी बाईंच्या घरी तुम्ही स्वतः जा. पोरीला पाठवू नका, तिच्या आईलाही नको. काय झालं ते सांगा, पुस्तकांची किंमत विचारा आणि द्या. बाई घेणार नाहीत बहुतेक, तरी पुढे करा. येताना दोनशे पानी कोरी वही आणा. देताना "अभ्यास झाल्यावर लिही" हे शेपूट जोडू नका, नुसती द्या. ती तिनं स्वतःहून दाखवली तर बघा, नाहीतर दप्तराला हात लावू नका.

माफी मागायची की नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत. मागा. आपल्याकडे बाप पोरीची माफी मागत नाही, मला माहीत आहे. शब्द सापडले नाहीत तर रात्री जेवताना एवढंच विचारा, की त्या राज्यात ज्याच्या वावरात पाऊस कमी पडला, त्यानं मग काय केलं? लगेच उत्तर येणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. इंग्रजी यायची गरज नाही, गोष्ट ती तुम्हाला आपल्या बोलीत सांगेल. ती आठवडाभर अशीच गप्प राहिली, जेवण सुटलं, झोप उडाली किंवा जगण्याचा कंटाळा आल्यासारखं काही बोलली, तर माझ्या पत्राची वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, तिथे घेऊन जा, किंवा 14416 या टेलिमानसच्या (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या) नंबरवर फोन करा. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि तिला, कारण हे उत्तर तीच तुम्हाला वाचून दाखवणार : बाळा, नियम चांगला आहे. फक्त एक अडचण बघ. दोघांनी एकाच वेळी मंत्र म्हटला तर पाऊस कोणाच्या वावरातून कापला जाईल? वही नवीन लिहायला घेशील तेव्हा हे आधी ठरव. फिजिक्सचं म्हणशील तर मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी अकरावीत एक करावं : प्रत्येक धड्यातले इंग्रजी शब्द आणि शेजारी दहावीतला मराठी शब्द, अशी यादी. वेग आणि गती, वस्तुमान आणि वजन, कार्य आणि ऊर्जा, हे तुला सगळं येतं. नवीन भाषेत ते ओळखायला थोडा वेळ लागतोय, एवढंच.

भाऊ, पुढच्या टेस्टचा नुसता मार्कांचा मेसेज पाठवू नका. पेपर आणि तिनं रफ केलेले कागद, दोन्हींचे फोटो पाठवा. गणितात अडते की प्रश्न वाचण्यात, ते रफ कागदावर दिसेल. बायोलॉजीचे मार्कही कळवा.