खगोलशास्त्र शिकणाऱ्यांसाठी पुण्यातील संधी

प्रश्न : मी लातूरला बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात भौतिकशास्त्र शिकते. संशोधनाचा अनुभव आताच मिळू शकेल का?

उत्तर : अवश्य मिळू शकेल. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली स्थापन झालेल्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या उन्हाळी सुट्टीतील विद्यार्थी उपक्रमात शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली काम करता येते. त्याची पात्रता व मुदत संस्थेच्या संकेतस्थळावर पाहावी. शेजारच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या राष्ट्रीय केंद्राच्या सहकार्याने होणारे रेडिओ खगोलशास्त्राचे (आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या अभ्यासाचे) हिवाळी शिबिर तुमच्यासाठी मला अधिक मोलाचे वाटते, कारण तेथे विद्यार्थी स्वतः उपकरणे हाताळतात. पुणे जिल्ह्यातील खोडदची ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीणही एनसीआरएचीच आहे. अर्जात गुणांची जंत्री देण्याऐवजी, स्वतः केलेला एखादा प्रयोग त्यातील अडचणींसह नेमकेपणाने मांडा आणि शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना वेळेत भेटा.