कडकनाथ किंवा आरआयआर कोंबडा आणि पट्टेरी कोंबड्या: संकरित पिल्लं नर की मादी, पहिल्याच दिवशी कसं ओळखायचं?

तुमच्याकडे एक कडकनाथ आणि एक आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) कोंबडा आहे, काही पट्टेरी प्लायमाउथ रॉक आणि काही गावरान कोंबड्या आहेत. कुणाला कुणाशी लावलं तर पिल्लं कुठल्या रंगाची होतील आणि नर-मादी लगेच कळतील का, असं तुम्ही विचारलंय. पट्टेरी कोंबड्यांची पिल्लं अंगावरची लव वाळली की लगेच ओळखता येतात. गावरानच्या बाबतीत तशी खात्री नाही.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे जोड्या लावताना चुकणार नाही. कोंबड्यात पिल्लाचं लिंग आई ठरवते. कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. तिचा तो एकुलता झेड फक्त मुलांना जातो, मुलींना डब्ल्यू मिळतो. म्हणजे झेडवर बसलेला आईचा कुठलाही गुण मुलींपर्यंत पोचतच नाही. त्यांच्या अंगावर बापाचाच दिसतो. पट्ट्यांचा जनुक झेडवर आहे आणि तो प्रभावी आहे, एक प्रत असली तरी पट्टे दिसतात. म्हणून बिनपट्ट्यांचा कोंबडा आणि पट्टेरी कोंबडी अशी जोडी लावली की सगळी मुलं पट्टेरी होतात आणि सगळ्या मुली बिनपट्ट्यांच्या. उलट जोडी, म्हणजे पट्टेरी कोंबडा, लावली की सगळीच पिल्लं पट्टेरी निघतात आणि काहीच कळत नाही.

पहिल्या दिवशी मात्र पट्टे नसतात, दोन्हीही काळीच दिसतात. फरक असतो तो डोक्याच्या माथ्यावर. नराच्या माथ्यावर पांढरा किंवा फिकट पिवळा ठिपका असतो; कधी मसुराएवढा, कधी चार-पाच केसांपुरता. मादीचा माथा पूर्ण काळा असतो. इथे नवखे लोक फसतात ते पोट आणि पंखांची टोकं पाहून. काळ्या पिल्लाचं पोट, हनुवटी आणि पंखांची टोकं पांढुरकी असतातच, नर असो वा मादी. ते सोडून द्या, फक्त माथा बघा. पिल्लू पूर्ण कोरडं होऊ द्या, उजेडात धरा आणि माथ्यावर हलकी फुंकर मारून लव बाजूला करा. शंकेची पिल्लं वेगळी ठेवा. पुढे पिसं आली की पट्ट्यांवरून निकाल लागतो.

आरआयआर बापाच्या माद्या मोठ्या झाल्यावर काळ्या दिसतात, मानेवर आणि छातीवर तांबूस-सोनेरी छटा असते. नर करडे-पट्टेरी होतात. शुद्ध प्लायमाउथ रॉक नराकडे पट्ट्याच्या दोन प्रती असतात, म्हणून तो फिकट असतो. संकरित नराकडे एकच प्रत, म्हणून तो शुद्ध पट्टेरी कोंबडीसारखाच गडद दिसतो. तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) म्हणून तो कुणाला विकला जाऊ नये. या संकरात पट्टेरी म्हणजे नरच.

कडकनाथ बाप घेतला तर दुसरी खूणही मिळते, आणि मला स्वतःला ही जोडी जास्त रंजक वाटते. काळी कातडी देणारा जनुक प्रभावी आहे, पण झेडवर एक दुसरा जनुक बसतो जो कातडीतला काळेपणा दाबतो. पिवळ्या पायांच्या पट्टेरी कोंबडीकडे हा दाबणारा जनुक असतो, कडकनाथकडे नसतो. तो आईकडून फक्त मुलांना जातो. परिणाम असा: मुली काळी पिसं, काळी कातडी, मुलं माथ्यावर ठिपका आणि उजळ कातडी, तीही अगदी स्वच्छ नाही, करड्या डागांची. काळ्या कातडीच्या सिल्की जातीचा कोंबडा आणि ब्राउन लेगहॉर्न कोंबडी यांच्या संकरात बेटसन आणि पनेट या आनुवंशिकी शास्त्रज्ञांनी १९११ मध्ये हाच प्रकार नोंदवला होता. कोंबडी कडकनाथ आणि कोंबडा आरआयआर असं उलट केलंत तर बाप दाबणारा जनुक मुलगा-मुलगी दोघांनाही देतो, आणि काळ्या कातडीचं एकही पिल्लू मिळत नाही.

गावरानमध्ये त्यामुळेच पाय बघा. काळ्या किंवा पाटीच्या रंगाच्या पायांच्या कोंबडीकडे दाबणारा जनुक नसतो; तिला कडकनाथ लावला तर नर-मादी दोन्ही काळ्या कातडीचे होतील आणि खूण उरणार नाही. पिवळ्या किंवा पांढऱ्या स्वच्छ पायांची असेल तर खूण मिळण्याची शक्यता चांगली. गिरिराज, वनराज यांसारखे पक्षी स्वतःच संकरित आहेत, त्यांच्या पिल्लांच्या रंगाचा अंदाज बांधू नका. पांढरी लेगहॉर्नही टाळा, तिचा प्रभावी पांढरा रंग बाकी सगळं झाकून टाकतो. अंडं टोकदार म्हणजे नर, ही समजूतही खोटी आहे.

अंडी गोळा करण्याआधीची एक गोष्ट बरेचजण विसरतात. कोंबडीच्या शरीरात आधीच्या कोंबड्याचं वीर्य दोन-तीन आठवडे टिकतं. कोंबडा बदलल्यावर तीन आठवडे सोडा आणि मगच उबवणीची अंडी घ्या, नाहीतर बाप कोण हेच कळणार नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. पंखा असलेल्या इनक्युबेटरमध्ये तापमान ३७.५ अंश सेल्सिअस, आर्द्रता पहिले १८ दिवस ५५ ते ६० टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के आणि त्या तीन दिवसांत अंडी फिरवायची नाहीत.

नर-मादी निवडून झाली की पायात रंगीत प्लास्टिक रिंग घाला, पण दर आठवड्याला तपासून मोठी करा, नाहीतर ती रुतते. ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देण्याची जागा) पिल्लामागे दोन वॅट या हिशोबाने बल्ब लावा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश हवेत, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश उतरवत जा. थर्मामीटरपेक्षा पिल्लांवर विश्वास ठेवा: बल्बखाली गोळा झाली तर थंडी, भिंतीला चिकटून धापा टाकत असतील तर उष्णता, सगळीकडे पसरून खात असतील तर बरोबर. भाताचा तूस कोरडा ठेवा. तो ओला राहिला की रक्ती हगवण आलीच. राणीखेत रोगासाठी लासोटा लसीचा थेंब पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो रोगाची लस साधारण चौदाव्या दिवशी. पुढचं वेळापत्रक गावच्या पशुवैद्यकाकडून घ्या.

शेवटी, हा हिशोब एकाच पिढीचा आहे. या संकरित पिल्लांतलाच कोंबडा त्यांच्याच तलंगांवर सोडलात तर पुढच्या पिढीत निम्मे नर पट्टेरी, निम्म्या माद्याही पट्टेरी निघतील आणि माथ्याच्या ठिपक्याला अर्थ राहणार नाही. दरवर्षी शुद्ध पट्टेरी कोंबड्या आणि शुद्ध आरआयआर किंवा कडकनाथ कोंबडाच वापरा. काळ्या कातडीच्या त्या संकरित मुलींना कडकनाथ म्हणून विकू नका. दिसायला जवळच्या असल्या तरी त्या निम्म्याच कडकनाथ आहेत, हे गिऱ्हाइकाला आधी सांगा.