रुडयार्ड किपलिंग यांचा मुलगा पहिल्या महायुद्धात कसा गेला?

जॉन, घरच्यांचा जॅक, डोळ्यांनी फारच अधू. चष्म्याशिवाय धड दिसत नसे, म्हणून सैन्याने त्याला नाकारलं होतं. मुंबईत जन्मलेल्या त्याच्या वडिलांनी ब्रिटिश सैन्याचे माजी सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकला आणि तो आयरिश गार्ड्स या ब्रिटिश पलटणीत लागला. 27 सप्टेंबर 1915 ला फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत बेपत्ता झाला, वय 18. थोरली बहीण जोसेफिन 1899 मध्येच न्यूमोनियाने गेली होती. उरली एकटी दुसरी बहीण एल्सी. मला खरा चटका लावतो तो आईवडिलांचा शोध. जॅकच्या तुकडीतले जखमी जवान गाठून ते विचारत राहिले, पण त्यांच्या हयातीत कबर सापडलीच नाही. 1992 मध्ये एका अनोळखी लेफ्टनंटच्या थडग्यावर जॅकचं नाव लागलं. त्यावरही इतिहासकारांत वाद झाला.