कुरणाला तारेचं कुंपण: आधी कोपरे पक्के करा

कुरणाला कुंपण घालायला मित्र मदतीला येणार असतील तर उत्तमच, पण ते येण्याआधी कोपऱ्याचे खांब तिरप्या टेकूंसह पुरून ठेवा. तारेचा सगळा ताण तिथेच येतो. खड्डा अडीच-तीन फूट खोल घ्या, ओळंबा लावा आणि माती थोडी थोडी टाकत पहारीने ठासा. एकदम भरून वरून दाबलेली माती खाली पोकळच राहते. काँक्रीट घातलंत तर आठवडाभर तरी तार ताणू नका. मधले खांब एका रेषेत यावेत म्हणून दोन कोपऱ्यांमध्ये दोरी बांधली की झालं.

तार खांबाच्या आतल्या, म्हणजे जनावरांकडच्या बाजूने लावा. ती अंग घासतात तेव्हा दाब खांबावर जातो, खिळ्यांवर नाही. लाकडी खांबात यू-खिळे पूर्ण ठोकू नका. तार आतून सरकली पाहिजे, नाहीतर ताण पुढे पोहोचतच नाही.

ताणायला एकच शहाणा माणूस ठेवा, बाकीच्यांना लांब उभं करा. (‘अजून थोडी, अजून थोडी’ म्हणणारा एक मित्र असतोच!) तुटलेली तार फटकन उलटते, म्हणून जाड हातमोजे आणि चष्मा हवाच. कापलेले तुकडे लगेच डब्यात टाका. गाई-म्हशी ते चाऱ्याबरोबर गिळतात आणि पोटात टोचून जिवावर बेततं.